लॅपटॉपमधला बेंजो

माझ्या लॅपटॉपमध्ये एक सिंथेसायझर आहे. वाद्य नाही, सॉफ्टवेअर. छोटा कीबोर्ड जोडायचा, आवाज निवडायचा, वाजवायचं. जाहिरातींना संगीत करून मी पोट भरते आणि खरं सांगते, कित्येक वर्षं त्यातले तयार आवाजच वापरत आले. बाकीच्या ढीगभर बटणांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पाहायला लावलं ते बाबांनी.

बाबा म्हणजे आमच्या कांदिवलीच्या वस्तीतले बेंजोवाले. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या आणि टेम्पोवरच्या भोंग्यातून तो आवाज अख्ख्या गल्लीत घुमवायचा. धाकट्या भावाला ते झांजा वाजवायला टेम्पोवर घ्यायचे. मला नाही. "पोरींचा काय काम थंय?" विषय संपला! मी खिडकीत बसून चरफडायचे.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. पुढे भावाचं लग्न ठरलं. हळदीला दुसरी बेंजो पार्टी सांगितली, तेव्हा बाबा म्हणाले, "मी घरातच बसतलंय." ज्या माणसाने सगळ्या कांदिवलीला हळदीत नाचवलं, तो स्वतःच्या मुलाच्या हळदीला दार लावून बसणार! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बघतेच कसे बसता.

सॉफ्टवेअरमधला सतारीच्या जवळचा एक आवाज काढून ऐकवला. बाबांनी तोंड वाकडं केलं. "ह्यां हॉटेलात वाजता."

मग मी पहिल्यांदाच त्या बटणांना हात घातला. बेंजोच्या जोडीच्या तारा तंतोतंत जुळलेल्या नसतात, म्हणून एकाच सुराचे दोन आवाज घेतले आणि एक किंचित चढा ठेवला. सुरुवात टोकदार केली, मागे रेंगाळणारा नाद कापला. वरून भोंग्याची घरघर चढवली. आता बाबांची मान हलली. झकास!

प्रश्न होता छेडण्याचा. डावा हात बटणं दाबेल, पण तारा कोण छेडणार? सॉफ्टवेअर एकच सूर आपोआप पुन्हा पुन्हा वाजवू शकतं. ते लावलं.

"शिलाई मशीन," बाबा म्हणाले.

"मग तुम्हीच सांगा ना काय करू ते!" मी ओरडले.

बाबांचा डावा पाय फरशीवर ठेका धरून होता. तो तसा जन्मभर हलत आलाय, माझं लक्ष आज गेलं. कपाटातून पायाने दाबायचं एक जुनं पेडल काढलं आणि सॉफ्टवेअरला जोडलं. पाय जितका दाबाल तितकं छेडणं जलद, पाय उचलला की गप्प. जुळवायला दोन क्लिक लागल्या. दोन! पेडल घसरायला लागलं म्हणून आईचं पायपुसणं कापून त्याच्या खाली चिकटवलं. त्यावरून आईने काय सुनावलं ते इथे लिहीत नाही. बाबा मात्र रोज दुपारी न सांगता खुर्चीत येऊन बसायला लागले.

हळदीच्या दिवशी सोसायटीच्या आवारात मांडव. ठरवलेल्या पार्टीने त्यांच्या भोंग्याला आमचा लॅपटॉप जोडू दिला. बाबांनी पहिला सूर दाबला आणि भोंग्यातून अशी कर्कश किंकाळी निघाली की बायकांनी हळदीच्या हातांनीच कान झाकले.

"ताई, वाट लावलीस ना यार!" पाटावरून भाऊ ओरडला.

बाबांनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला. मला वाटलं, उठले, आता गेले घरात. पण ते माझ्याकडे वळले.

"दोन-दोन भोंगे कित्याक गो? तुझो बंद कर."

अरे देवा! खऱ्या भोंग्यावर मी माझा खोटा भोंगा चढवून ठेवला होता. ते एक बटण बंद केलं.

बाबांनी पुन्हा पाय दाबला. या वेळी बेंजो वाजला. आमच्या गल्लीतला, माझ्या खिडकीत यायचा तोच. त्यांचा पाय जोर धरू लागला, पार्टीच्या ढोलवाल्याने मागून ठेका दिला आणि भाऊ हळदीने माखलेला तसाच पाटावरून उठून नाचायला लागला. आई नाचली, पायपुसणं विसरून. मला इतका आनंद झाला की मी लॅपटॉप सोडून टाळ्याच वाजवत राहिले.

सगळं आवरत असताना मुलुंडहून आलेली बाबांची चुलतबहीण जवळ आली. म्हणाली, "दादा, माझ्या धाकटीच्या हळदीक येशीत मां वाजवूक?"

मी वायर गुंडाळत होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"टेम्पो धाड," ते म्हणाले. "आमी दोघां आसंव."

हळदीच्या हातानेच मी डोळे पुसले आणि ते आणखी झोंबले.