शांताबाईंनी देऊन टाकलेला नंबर

दसरा. डायलिसिस युनिट, सकाळची शिफ्ट.

हजर: मी, युनिटची इन्चार्ज सिस्टर. टेक्निशियन श्रीनिवास. आया राजूबाई. बेड एक, दोन आणि चारवर पेशंट.

गैरहजर: बेड तीन. चार्टवर नाव दादाराव मास्तरांचं.

मी फोन लावला. पलीकडे प्रचंड गर्दीचा आवाज.

"मास्तर, कुठं आहात?"

"नागपूरले, मॅडम. दीक्षाभूमीवर. जय भीम."

"जय भीम. आज तुमचा नंबर आहे."

"माहा तं कालच झाला ना! शांताबाईनं तिचा नंबर मले देला. आज ती येते म्हणे माह्या जाग्यावर."

शांताबाई आलेल्या नव्हत्या. त्यांचा फोन बंद होता.

इथं थोडं समजावून सांगते. किडनी बंद पडली की रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी मशीननं काढावं लागतं. त्याला डायलिसिस म्हणतात. आमच्या युनिटला चार मशीन आहेत आणि पेशंट त्याच्या कितीतरी पट, म्हणून प्रत्येकाला आठवड्यातून दोन वेळा. दोन वेळा म्हणजे मधलं एक अंतर आखूड आणि एक लांब. लांब अंतरात शरीरात पोटॅशियम साठतं. हे पोटॅशियम केळ्यात, नारळपाण्यात, डाळीत, बटाट्यात असतं. तुम्हा-आम्हाला त्याचा त्रास नाही. किडनी नसलेल्या माणसाच्या रक्तात ते वाढलं तर हृदय थांबतं.

शांताबाईंनी दिलेला नंबर लांब अंतरानंतरचा होता. वर घरी सण.

मी श्रीनिवासकडे वळले. आदल्या दिवशी माझी सुट्टी होती, युनिट त्याच्याकडे होतं.

"मॅडम, दोघं मिळून बोलून आले," तो म्हणाला. त्याची मातृभाषा तेलुगू, पण युनिटमध्ये राहून मराठी उचललेली; शांताबाईंना तो अम्मा म्हणतो, मास्तरांना सार. "काल अम्मा स्वतः आली, सारला बेडवर बसवली, माझ्यासमोर. एक जाते, एक येते. बेड रिकामा नाही, पेशंट तेवढेच. मी काय बोलू?"

हिशोब त्याचा बरोबर होता. बेड मोजले तर चूक सापडत नव्हती.

आमच्याकडे, तेलुगू-मराठी सीमेवर, बतुकम्मापासून, म्हणजे बायकांच्या फुलांच्या सणापासून, दसऱ्यापर्यंतचे दिवस असेच जातात. अर्धा स्टाफ रजेवर, बस भरलेल्या, प्रत्येक पेशंटला सकाळचा नंबर हवा, म्हणजे संध्याकाळी घरी जाता येतं. चिडचिड वाढते. म्हणून मी एक नेम केलाय. शिफ्ट संपली की पॅन्ट्रीत चहा घेताना प्रत्येकानं दिवसातली एक बरी गोष्ट सांगायची. मोठी चालत नाही. बोनस, रजा मंजूर, हे बाद. बसमध्ये खिडकी मिळाली, हे चालतं. त्या सकाळी राजूबाईनं आल्या आल्याच सांगून टाकलं होतं, "बेड एकच्या बाबानं पुरणपोळी आणली. अर्धी खाल्ली. तोंड पाहा त्याचं." मशीन सुरू झाल्यावरच्या पहिल्या तासात पेशंटला एरवी बंद असलेला एखादा घास आम्ही खाऊ देतो. पुढचे तीन तास मशीन ते निस्तरतं. त्या एका घासासाठी काही जण आठवडाभर बेत ठरवतात.

पण आता बेड तीन रिकामा होता आणि शांताबाई तलमडुगूच्या पुढच्या गावात होत्या.

त्या गावची आशा कार्यकर्ती वंदना माझ्या ओळखीची. तिला फोन केला, शांताबाईंच्या घरी जाऊन मला लाव म्हटलं. ती अंगण सारवत होती, तशीच निघाली.

तेवढ्यात दुपारच्या शिफ्टचे किसनराव दारात उभे. सकाळीच आलेले.

"सिस्टर, तीन नंबर खाली दिसून राह्यला."

"खाली नाही. पेशंट येतोय."

"कवा येतो? मशीन तयार, मी तयार. लावा ना मले. संध्याकाळी गावात सीमोल्लंघन हाय, पोराईनं मलेच म्होरं उभं केलं."

"नाही."

"तुमी लय कडक, सिस्टर. सणाच्या दिवशी मशीनले आराम, मानसाले नाई!"

श्रीनिवास हळूच म्हणाला, "मॅडम, चार तासाचं काम आहे. अम्मा दुपारी आली तर दुपारी लावू."

एकदा पेशंट मशीनला लावला की चार तास ते मशीन त्याचं. मधे काढता येत नाही असं नाही, पण रक्त नळ्यांत असतं, वेळ जातो. मी म्हटलं, तीन नंबर मोकळाच राहील. किसनराव बाकावर बसले आणि ऐकू येईल एवढ्या आवाजात माझ्याबद्दल बोलू लागले.

वंदनाचा फोन आला.

"मॅडम, काकू बऱ्या हायत. घरीच हायत, ओसरीवर बसल्या."

"आल्या का नाहीत?"

"गल्लीत सगळ्यात मोठ्या त्याच ना आता. सगळे सोनं द्याले, पाया पडाले येतात. दाराले कुलूप कसं लावावं म्हणतात. संध्याकाळी येतो म्हणतात."

"चालून दाखवायला सांग."

थोडा वेळ नुसते आवाज. मग वंदना म्हणाली, "थकल्या म्हणतात. पाय उचलत नाई."

"त्यांना फोन दे."

"काय वं माय," शांताबाईंचा आवाज संथ, जिभेवर वजन ठेवल्यासारखा. "मी येतोच."

"शांताबाई, पाय कधीपासून जड आहेत?"

"सकाळपासून. काल पोळ्या लय केल्या. कामानं व्हते तसं."

"काय काय खाल्लं?"

"सण हाय तं खाल्लं थोडं. कटाची आमटी. केळाची शिकरन आनून देली व्हती शेजारच्या पोरीनं."

कटाची आमटी डाळीच्या पाण्याची. शिकरण केळ्याची. आणि पाय उचलत नाहीत. डायलिसिसच्या पेशंटचे पाय असे अचानक जड झाले तर तो थकवा समजायचा नसतो. पोटॅशियम आधी पायांचे स्नायू धरतं. हृदय हाही स्नायूच आहे.

"वंदना, त्यांना आडवं कर. पाणी देऊ नको, सरबत तर अजिबात नको. आत्ता निघायचं."

ॲम्ब्युलन्स दुसऱ्या केसवर गेली होती. वंदनानं शेजारच्या कापसाच्या पिकअपवाल्याला विचारलं आणि मला परत फोन केला.

"मॅडम, गाडी धुऊन पूजेले उभी हाय. पूजा झाल्याबिगर हालवत नाई म्हणते. सामान आनाले मानूस गेला."

"त्याला दे फोन."

"बोला मॅडम," पिकअपवाला म्हणाला.

"भाऊ, घरात लिंबू आहे?"

"हाय."

"हळद-कुंकू?"

"हाय ना."

"मग तेवढ्यात करा. चाकाखाली लिंबू ठेवा आणि त्यावरूनच गाडी काढा. नारळ आमच्या दवाखान्याच्या गेटवर फोडा, मी स्वतः आणून ठेवते."

"बाईले लय सीरियस हाय काय?"

"हो."

"निंघालो."

मी राजूबाईला नारळ आणायला पाठवलं. ड्युटी डॉक्टरांना बोलावलं. त्या नव्या, तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलतात. ईसीजी मशीन, कॅल्शियमचं इंजेक्शन, इन्सुलिन, ग्लुकोज ट्रेमध्ये लावून ठेवलं. बेड तीनचं मशीन श्रीनिवासनं पुन्हा तपासलं. त्यानंतर करायला काही उरलं नाही. मला तेच सगळ्यात अवघड जातं.

बेड एकचे बाबा म्हणाले, "सिस्टर, बसा जरा. उभं राहून गाडी लौकर येत नाई." मी बसले नाही.

पिकअप आली तेव्हा समोर झेंडूचा हार होता आणि मागे गादीवर शांताबाई. वंदना डोकं धरून बसलेली, गल्लीतल्या तीन बाया आधाराला. स्ट्रेचरवर घेताना शांताबाईंचा हात खाली लोंबला, त्यांना तो वर घेता आला नाही.

ईसीजीचा कागद निघाला. निरोगी माणसाच्या पट्टीवर शेवटची लाट बुटकी आणि गोल असते. शांताबाईंच्या प्रत्येक ठोक्यामागे तंबूसारखी टोकदार लाट उभी होती. ठोकेही फार लांब लांब पडत होते.

डॉक्टरांनी कागद पाहिला. "सिस्टर, लॅब?"

"रक्त पाठवलंय. रिपोर्टसाठी थांबू नका."

"नहीं रुकेंगे. कॅल्शियम, स्लो."

कॅल्शियमनं पोटॅशियम कमी होत नाही. ते फक्त हृदयाला थोडा वेळ सांभाळतं. तेवढ्यात मशीननं काम सुरू करायचं असतं. डायलिसिसच्या पेशंटच्या हातात ऑपरेशन करून धमनी आणि शीर जोडलेली असते, त्या फुगलेल्या शिरेत दोन जाड सुया घालतात. एकीतून रक्त मशीनकडे जातं, दुसरीतून परत येतं. शांताबाईंचा हात गार आणि बीपी खाली गेलेलं. पहिली सुई बसली. दुसरी बसेना.

"मॅडम, मी बघू?" श्रीनिवास.

"बघ."

त्यानं एकदा बोटानं शीर चाचपली आणि घातली. रक्त आलं. पंप फिरायला लागला.

मॉनिटर वाजला. पल्स अजून खाली. डॉक्टर म्हणाल्या, "एक और कॅल्शियम." मी दिलं. मग दोघी स्क्रीनकडे बघत राहिलो. बाकावरचे किसनराव उठून दारापाशी आले होते, त्यांची टोपी हातात होती.

तंबू एकदम पडत नाहीत. आधी टोकं बोथट होतात. मग उंची कमी होते. ठोके जवळ येऊ लागले तेव्हा डॉक्टरांनी स्टूल ओढून घेतलं आणि बसल्या. मीही बसले.

तीन बाया दारात उभ्याच होत्या. त्यांच्या ओच्यात आपट्याची पानं. युनिटमध्ये पानं-फुलं आणता येत नाहीत, त्यावर जंतू असतात. मी तसं सांगितलं.

"आमी आत नाई येत," त्यातली एक म्हणाली. "पन सोनं तं द्यावंच लागन ना. मोठ्या हायत त्या."

राजूबाईनं आतून स्टीलचा जुना ट्रे आणून दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवला. बायांनी त्यात पानं टाकली आणि काचेतूनच हात जोडले. शांताबाईंनी मान वळवली. तोंड अजून जड होतं, पण पहिले शब्द नीट कळले.

"सोनं डब्ब्यात टाकता काय वं, भवान्यांनो!"

श्रीनिवासला हसू आवरेना. पुढे दोन तास त्या बोलतच होत्या. सुई जाड घातली, एसी थंड लावला, गादी टोचते. मी एकदा विचारलं, "नंबर काऊन दिला?"

"अवं, मास्तर म्हणे, दोन वर्षं झाली, नागपूर नाई झालं. तोंड एवढंसं केलं. माह्याकडं काय हाय द्याले सणाचं? नंबर हाय. देला."

"तो देता येत नाही, शांताबाई."

"काऊन नाई? माहाच तं व्हता."

मी फक्त म्हटलं, पुढच्या वेळी मला विचारा. त्यांनी डोळे मिटून घेतले.

किसनरावांना चार नंबर मोकळा होताच लावलं. सीमोल्लंघन हुकलं. ते मला एवढंच म्हणाले, "कडक हायत तुमी. राहा."

चहाला सगळे उशिरा आले. श्रीनिवास म्हणाला, आजची बरी गोष्ट, अम्माची शिवी. राजूबाई म्हणाली, पिकअपवाल्याचा नारळ एका फटक्यात फुटला, खोबरं गोड निघालं. तिनं एक तुकडा माझ्या बशीत ठेवला. मी म्हटलं, दुसरी सुई श्रीनिवासची बसली.

मास्तरांनी संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा फोन केला. प्रत्येक वेळी "मी तं मागितला नव्हता, मॅडम" इथूनच सुरुवात. चौथ्यांदा मी फोन शांताबाईंच्या कानाला लावला. त्या म्हणाल्या, "झालं का दर्शन? मंग गप ऱ्हा."

या प्रसंगातून मी घेतलेला धडा साधा आहे. नंबर बदलायचा तर इन्चार्जच्या सहीनंच, असा नियम दुसऱ्याच दिवशी लावला. पण नियमानं माणसं द्यायची थांबत नाहीत, फक्त लपून देतात. म्हणून आता सणाच्या आधी मी प्रत्येक पेशंटला विचारते, कुठं जायचंय, कुणाकडे, कोण येणार आहे. मग चार्ट करते. अंतर कुणाचंच लांबत नाही असं बघून.

दिवाळीचा चार्ट जवळजवळ झालाय. भाऊबीजेचा राहिलाय. शांताबाईंना भावाकडे बेल्लमपल्लीला जायचंय, मास्तरांची बहीण येणार आहे, किसनरावांच्या चार बहिणी. तिघांनाही सकाळचाच नंबर हवा आहे, आणि त्या सकाळी माझ्याकडे एकच बेड मोकळा आहे.