काकूची इम्पोर्टेड सीडी आणि माझं भिंग

रविवारी देवासहून धारला गेलो होतो, काकांकडे. खिशात भिंग होतं... आणि डोक्यात बरीच हवा.

हवेचं कारण तुम्हाला माहीत आहेच. नकली इम्पोर्टेड सीडी कशी ओळखायची, यावर मागच्या महिन्यात मी इथे पोस्ट टाकली होती. जुन्या सीड्या जमवायचा नाद आणि पॅकेजिंग कंपनीत छपाई तपासायची नोकरी, दोन्ही एकदम कामी आले. तुम्ही इतकं कौतुक केलंत की मी स्वतःला एक्स्पर्ट समजायला लागलो...

ती पोस्ट काकांनीही वाचली. लगेच फोन. "मन्या, आमच्याकडची ती चेलोची सीडी बघून जा रे. सानिकाला पाठवायची आहे, आजीची आठवण म्हणून. असली की नकली, एकदा कळू दे."

सानिका म्हणजे काकांची नात, पुण्यात चेलो शिकते. आणि ती सीडी म्हणजे काकूने काकांना रिटायरमेंटला दिलेली भेट. रेडिओवर ऐकून ऐकून काकांना चेलोचं वेड लागलेलं, म्हणून तिने इंदूरच्या एका दुकानात फोनवर सांगून ती परदेशातून मागवली होती. शाळेची नोकरी सांभाळून त्या एका सीडीसाठी काकू तीनदा बसने इंदूरला गेली, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. तिला जाऊन आता चार वर्षं झाली...

चहा झाल्यावर काकांनी सीडी माझ्या हातात दिली आणि समोरच्या खुर्चीत बसून राहिले.

मी कव्हरवर भिंग धरलं. असली कव्हरवर अगदी बारीक अक्षरंसुद्धा स्वच्छ असतात. इथे अक्षरांच्या कडा फुटलेल्या... छापील कव्हरचीच पुन्हा कॉपी काढली की होतात तशा.

म्हटलं, घाई नको. कव्हरच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं की सोबत बारा पानांची पुस्तिका आहे, आत एकच कागद निघाला. सीडी उलटी केली. कारखान्यात छापलेली सीडी खालून चांदीसारखी दिसते, ही हिरवट. मधल्या भोकाभोवतीच्या चकचकीत पट्टीवर एक नंबर असतो, तो कव्हरवरच्या नंबराशी जुळवून बघायचा. इथे जुळवणार काय? नुसता कोऱ्या सीडीवर असतो तसला भलताच आकडा.

वरचं गोल स्टिकर मात्र इतक्या सफाईने चिकटवलं होतं की नुसत्या डोळ्यांना कळूच नये. ज्याने हा उद्योग केला त्याला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या.

खरं सांगू? रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. त्या दुकानदाराने काकूला तीन-तीन चकरा मारायला लावल्या आणि शेवटी हे तिच्या गळ्यात मारलं. आता हे काकांना मी सांगायचं?

पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. डब्यांवर काकूच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या अजून तशाच आहेत. जिरं, ओवा, बडीशेप... बाहेर आलो आणि चक्क खोटं बोललो.

"एकदम असली आहे, काका. बिनधास्त पाठवा."

काकांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघत राहिले आणि मग जे हसायला लागले ते थांबेचनात. "वा भिया, वा! ये असली है, तो मग माझ्या कपाटात काय आहे?"

उठले, कपाट उघडलं आणि धुतलेल्या पंचात गुंडाळलेली दुसरी सीडी काढली. तेच कव्हर!

मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला... काकांची ती जुनी सवय. रेकॉर्डच्या काळापासूनची. असली कधी वाजवायची नाही, झिजते. तिची कॉपी करून ती वाजवायची. सीडी तशी झिजत नाही, हे आजवर त्यांना कुणी पटवू शकलेलं नाही. आणि मी कॉलेजात असताना घरात नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा सगळ्या नातेवाइकांना कॉप्या कोण करून द्यायचं? अस्मादिक. कव्हरची कलर झेरॉक्स माझी, स्टिकर माझं... आणि शिव्याही माझ्याच.

"स्वतःचं काम तरी ओळखतोस का, ते बघायचं होतं," काका म्हणाले. "नापास झालास की रे!"

मग खरं सांगावंच लागलं. नकली आहे हे पहिल्या मिनिटातच कळलं होतं. पण काकू फसली, हे तुम्हाला सांगायला जीभ उचलेना.

काकांचं हसू थांबलं. 

"ती फसणार होय?" ते म्हणाले. "अरे, तीन वेळा कशाला गेली असं वाटतं तुला? दोनदा परत केली होती तिने. दुकानदाराला म्हणाली, भैया, हम स्कूल में रोज बच्चों की कॉपियाँ जाँचते हैं. इसके अक्षर फटे हुए हैं, दूसरी मँगवाओ."

पंचातली सीडी मी हात पुसून घेतली. बारा पानं मोजली. खालून चांदीसारखी लख्ख. पट्टीवरचा नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचला, काकांनी कव्हरवरचा वाचला. जुळला! हुश्श... छातीवरचं ओझं उतरलं.

असली सीडी सानिकासाठी पॅक केली. काकांनी माझी हिरवट कॉपी पुन्हा प्लेअरमध्ये घातली आणि आम्ही दोघं ऐकत बसलो.

तर मंडळी, मागच्या पोस्टमध्ये एक गोष्ट लिहायची राहिली होती. भिंग नसलं तरी चालतं. अक्षरं फुटलेली दिसली की परत करायची आणि पुन्हा बस पकडायची... ज्याच्यासाठी घ्यायची आहे तो माणूस तेवढा आपला असला पाहिजे.