नसीमाचं पत्र मी वाचलं होतं

इस्माईलभाई काल गेले. त्यांच्या मुलीची चार वर्षं मी मातीत घातली, हे न कळताच ते गेले.

फेसबुकवर असलं लिहितात की नाही, माहीत नाही. पण वीस-बावीस वर्षं मी लोकांना उलटंच सांगत आलोय. म्हणून इथेच, सगळ्यांसमोर.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं दुबईत, रास अल खोरला एका वर्कशॉपमध्ये होतो. ते दापोलीकडचे, ट्रकची बॉडी बनवणाऱ्या कामगारांचे फोरमन. मी ऑफिसात क्लार्क.

भाडं परवडतं म्हणून दोघांची बिऱ्हाडं दुबईबाहेर, शारजाच्या पुढे उम्म अल कुवैनला, एकाच बिल्डिंगमध्ये. रोज जाता-येता कंपनीचा पिकअप. ते चालवायचे, मी बोलायचो.

अख्ख्या वर्कशॉपात ग्रॅज्युएट मी एकटा. बी.एस्सी. बॉटनी, सेकंड क्लास. तेवढ्यावर माझी कॉलर कायम ताठ.

नसीमा त्यांची एकुलती. हुशार पोरगी. डॉक्टर व्हायचं हे तिचं तिनेच ठरवलेलं. तिचे मामू अमेरिकेत होते, त्यांनी शिकायला तिकडे बोलावलं.

तिकडे बारावीनंतर थेट मेडिकल नसतं. आधी चार वर्षांची डिग्री, मग मेडिकलला अर्ज. कॉलेजच्या फॉर्मवर एक रकाना होता: मेजर, म्हणजे मुख्य विषय, कोणता घेणार?

इस्माईलभाई नसीमाला आणि फॉर्मला घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"साळवीसाहेब, हे तुम्हीच बघा. आपल्याला यातलं काय कळतंय?"

नसीमा म्हणाली, "अंकल, आय लाइक कम्प्युटर्स आल्सो. कॅन आय पुट दॅट?"

मी म्हणालो, "डॉक्टर व्हायचंय ना? मग पेशंटला काय कीबोर्ड लावणार?"

आजूबाजूची माणसं हसली. मी टाइपरायटरवर 'बायोलॉजी' टाइप केलं. यल्ला, खलास. झालं काम.

मला अमेरिकेतलं ओ की ठो कळत नव्हतं.

ती गेली. दुबईत पत्रं घरी येत नसत, पोस्ट बॉक्सला यायची. कंपनीच्या बॉक्सची किल्ली माझ्याकडे. नसीमाला मराठी लिहिता येत नव्हतं आणि तिच्या घरात कुणाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. म्हणून तिची पत्रं माझ्या नावाने यायची, आणि मी ती पिकअपमध्ये इस्माईलभाईंना वाचून दाखवायचो.

दुसऱ्या वर्षी एक पत्र आलं. तीन पानी.

तिने लिहिलं होतं की मेडिकलसाठी बायोलॉजीच लागते असं नाही. ठरावीक चार-पाच विषय केले की मेजर कुठलाही चालतो. आणि परदेशी मुलांना तिथली मेडिकल कॉलेजं फार क्वचित घेतात. म्हणून कॉलेजचे ॲडव्हायझर सांगतायत, कम्प्युटर घे. मेडिकल मिळालं तर उत्तम, नाहीतर नोकरी तरी मिळेल. या टर्मपर्यंत बदलता येईल.

शेवटी होतं, अंकल, प्लीज अब्बांना नीट समजावून सांगा. ते तुमचंच ऐकतात.

मी ते ऑफिसात दोनदा वाचलं. घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकलं.

का? इस्माईलभाई जो भेटेल त्याला सांगायचे, साळवीसाहेबांनी पोरीला लाइनीला लावलं. दर शुक्रवारी त्यांच्या घरून आमच्याकडे ताजी वाफवलेली सांदणं यायची. त्या माणसासमोर 'मी चुकलो' म्हणायला जीभ रेटली नाही.

एवढंच. याहून मोठं काही कारण असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी पिकअपमध्ये त्यांनी विचारलं, "नसीमाचं पत्र आलं काय?"

"आलं."

"काय म्हणते?"

"सगळं ठीक. अभ्यास चाललाय."

शारजा मागे पडल्यावर त्यांनी परत विचारलं, "दुसरं काय नाय ना लिहिलं?"

"नाही हो. ठीक आहे म्हटलं ना."

बापाचं काळीज, असं मला वाटलं. मी रेडिओ लावला.

चौथ्या वर्षी तिने अर्ज केले. सगळीकडून नकार. बहुतेकांनी परदेशी विद्यार्थी घेत नाही एवढंच कळवलं. नुसत्या बायोलॉजीवर नोकरी मिळेना. व्हिसा संपला. दोन हजार एकला ती उम्म अल कुवैनला परत आली.

एका दवाखान्यात रिसेप्शनला लागली. डॉक्टरच्या दाराशी बसून पेशंटना टोकन द्यायची.

इस्माईलभाई घरात तिला 'डॉक्टर' म्हणूनच हाक मारायचे. ती ओ द्यायची. मला ते ऐकवत नसे.

आणि मला म्हणायचे, "नशिबात नव्हतं, साहेब. तुम्ही तुमच्याकडून कसर नाय ठेवलीत."

मी मान डोलवायचो. लोकांनाही तेच सांगायचो.

काल दापोलीला गेलो. दफन झाल्यावर नसीमा अंगणात माझ्याजवळ आली. वडिलांच्या आजारपणापासून ती तिथेच आहे. केसांत पांढरं दिसायला लागलंय. आता मराठीत बोलते.

"अंकल, एक विचारू? मेजर बदलायचं मी अब्बांना आधी फोनवर सांगितलं होतं. त्यांना समजेना. म्हणाले, साळवीसाहेबांना पत्र लिही, ते वाचून सांगतील तसं करू. नंतरच्या फोनला म्हणाले, दोनदा विचारलं, साहेब म्हणतात सगळं ठीक आहे. मग मी बायोलॉजीच ठेवली."

मी चपला शोधायला लागलो.

"मी धरून चालले की तुम्ही आधीचं कुठलं तरी लेटर वाचलंत, ते पोस्टात हरवलं. अम्मीलाही तसंच सांगितलं. हरवलंच होतं ना, अंकल?"

हो म्हणायचं होतं फक्त. तिने शब्दसुद्धा तयार ठेवले होते.

"मिळालं होतं. वाचलंही होतं."

तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली.

"ओके, अंकल," म्हणाली, आणि आत बायकांत जाऊन बसली.

इस्माईलभाई, तुम्ही विचारलं होतं, नसीमा काय म्हणते.

नसीमा म्हणत होती, अब्बा, मला मेजर बदलायचाय.

तिचं बरोबर होतं.

अल्ला तुम्हाला जन्नत देवो.

तुमचा,
साळवी