कोळशावरची लॉरी आणि माझं लग्न

माझं लग्न पाळकसाहेबांनी लावलं हे खरं, पण ते वेळेवर लागलं शांतवन भांबळमुळे.

शांतवन आमच्या वडाळ्याचा, लॉरी चालवायचा. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, तेव्हा मालकाने लॉरीला लोखंडी पिंप जोडून घेतलं. त्यात कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालवायचं. गाडी अडली की बाकीचे ड्रायव्हर शिव्या देत पाना उचलायचे. हा आधी चौकशी करायचा, तीही शांतपणे. लोकांना याचा भारी राग यायचा. मला तर ऐन लग्नाच्या दिवशी आला.

लग्न नगरला होतं. नवरदेव आमोस लष्करी दवाखान्यात कामाला. त्याची सुट्टी संपली होती, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो ब्रह्मदेशाच्या बाजूला निघणार होता. ख्रिस्ती लग्न संध्याकाळी सातनंतर लावायला कायद्याने मनाई. आज चुकलं तर तो परत कधी येणार, येणार की नाही, हा विचार मी मनात येऊच देत नव्हते.

पांढरीच्या पुलापर्यंत लॉरी झकास आली. तिथे शांतवन चाकं बघत होता, तेवढ्यात वऱ्हाडातल्या बाप्यांनी पोत्यांतला वरचा वरचा कोळसा घमेल्यांनी पिंपात भरला. इमामपूरचा घाट लागला आणि लॉरीचं अवसान गेलं. सरपणाची मोळी घेतलेल्या बायका आम्हाला मागे टाकून गेल्या. मग लॉरी थांबलीच.

लगेच सगळं वऱ्हाड मेकॅनिक झालं. शांतवनने कुणाचं ऐकलं नाही. राख झाडली, गाळणी साफ केली. नळी कुठे हवा ओढते का, ते सांध्यांजवळ पेटती विडी धरून पाहिलं. धूर कुठेच आत गेला नाही. तेव्हा हात पुसत तो आमच्याकडे वळला.

"सकाळपास्नं ह्या गाडीत नवं काय झालं, तेवढं सांगा."

मी चिडून म्हणाले, गप्पा नंतर मार. तो हलला नाही. लिडियाआत्या मात्र रडवेली झाली.

"म्या कोळशावर पानी शिपडलं. धूळ उडून पोरीचं पांढरं लुगडं काळं हुईल म्हनून."

एवढी माया करायला हिला आजचाच दिवस सापडला होता! शांतवनने तिला एवढंच विचारलं.

"तळापस्तोर गेलं का पानी?"

"न्हाई. वरवरच."

"मंग लागतंय लगीन."

पिंपातला ओला कोळसा उपसून रस्त्यावर टाकला. कोरड्यासाठी पोती पार उलटी केली. पांढऱ्या कपड्यांतलं अख्खं वऱ्हाड कोळसा वेचायला बसलं, त्यात मीही. आत्या नको नको म्हणत राहिली आणि तिचेच हात सगळ्यांत काळे झाले. शांतवन पिंपाचा पंखा फिरवत होता. बऱ्याच वेळाने इंजिनने नीट आवाज धरला आणि मला रडू फुटलं.

चर्चच्या दारात आमोस उन्हं बघत उभा होता. आमचा अवतार पाहूनही त्याने सरळ माझा हात धरला आणि मला आत नेलं. पाळकसाहेब घड्याळाकडे बघून भराभर वाचू लागले. ह्या पुरुषाला नवरा म्हणून, इतकंच ते मला विचारतात तोच मी "होय" म्हणून मोकळी झाले. त्यांना प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारावा लागला.