नाव विचारायचं नाय

माणसाला भर सोसायटीत दटावून, त्याच्याच कपाटातलं पांघरूण काढून घेऊन, वर त्यालाच आज आपल्या हातून काहीतरी चांगलं घडलं असं वाटायला लावणारी व्यक्ती उभ्या रायगड जिल्ह्यात एकच आहे, आणि ती माझ्या बायकोची आत्या आहे. अंगणवाडी सेविका म्हणून जन्म काढला, निवृत्त झाली आणि आता कडावला एकटी राहते. वालाच्या शेंगा आणि गावठी अंडी घेऊन ती आमच्या नेरळच्या सोसायटीत येते. अंड्यांची ऑर्डर द्यायला सोपं जावं म्हणून आमच्या सेक्रेटरींनी, म्हणजे बी-दोनशेचारवाल्या साहेबांनी, तिचा नंबर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्यांना वाटलं, अंडी येतील. तोवर आमच्या ग्रुपवर दोनच विषय होते, सकाळची फुलं आणि पार्किंगची भांडणं. तिसऱ्या दिवशी तिचा पहिला व्हॉइस मेसेज आला आणि तो ऐकताना माझ्या हातातला चहा सांडला.

"जयभीम! मी कडाववरून आत्या बोलते! कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीत एक बाय बाळंत झालीय, अंगावर घ्यायला सुकं पांघरूण नाय! तुमच्या कपाटात पाव्हण्यांच्या नावानं दोन-दोन पडल्यात. अंडी द्यायला येते तवा बघितल्यात मी!"

यावर कुणीतरी गुलाबाचं फूल टाकलं. मग तिचे लागोपाठ अकरा मेसेज आले. संध्याकाळपर्यंत गेटवरच्या वॉचमनच्या खुर्चीत पांघरुणांचा असा ढीग लागला, की वॉचमनला उभं राहावं लागलं. एकाने विचारलं, त्या बाईंचं नाव काय? आत्या कडाडली, "नाव कशाला? पत्रिका काढायचीय का तिची? नाव विचारायचं नाय!" झालं, तो नियमच ठरला. दुसरा नियम फोटोचा. देताना हसतमुख फोटो काढायची आमच्या लोकांची फार हौस, पण आत्या चेहऱ्याचा फोटो काढतच नाही. दुसऱ्या दिवशी तिने पाठवला तो कुंपणावर वाळत टाकलेल्या पांघरुणाचा फोटो, त्यातही अर्ध्यावर तिचा अंगठा. त्या अंगठ्याआडच्या पांघरुणाकडे मी किती वेळ बघत बसलो होतो, ते सांगायलाही संकोच वाटतो.

नावं लक्षात राहत नाहीत म्हणून आम्हाला ती फ्लॅटच्या नंबराने हाक मारते. "बी-दोनशेचार, तुमी वाचलंय. निळ्या खुणा दिसतात मला!" साहेबांनी ग्रुप उघडायचाच बंद केला, तर ही अंड्यांची पाटी घेऊन थेट दारात. बिचाऱ्यांनी शरमेने अडगळीतली व्यायामाची सायकल देऊ केली. आत्याने ती चारी बाजूंनी न्याहाळली, एकदा बसूनही बघितली आणि ग्रुपवर निकाल जाहीर केला, "आमच्या वाडीतल्या बाया रोज दोन हंडे घेऊन डोंगर चढतात. त्यांना सायकल कशाला? आणि तीपण जागच्या जागी चालणारी?" सायकल लिफ्टने परत वर गेली. पण साहेबांनी दुसऱ्याच दिवशी वाडीत शेड घालायला दोन पत्रे पाठवले, तेही न सांगता. असं हे आत्याचं खातं. फाटकं-तुटकं ती परत पाठवते, पण माणसाला कधी परत पाठवत नाही.

गेल्या वर्षी मात्र तिचा आवाज आणखी चढला. आम्ही तिचे मेसेज फोन दुसऱ्या खोलीत ठेवून ऐकू लागलो आणि त्यावर हसूही लागलो. मग एक दिवस ती आमच्या स्वयंपाकघरात बसून माझ्या बायकोला म्हणाली, "वाडीत गेले व्हते गं. चुलीपाशी बसून एक बाय काय तरी सांगत व्हती. मला आयकू येईना. मोठ्यानं सांग म्हटलं, तशी ती गपच झाली. शेजारीण बघत व्हती ना. गरज कोण मोठ्यानं सांगतं गं? आता माझा काय उपेग नाय."

आम्ही त्यानंतर कधी हसलो नाही.

बायकोने तिला कर्जतला नेऊन कान तपासून घेतले. यंत्राने ऐकू येईल, डॉक्टर म्हणाले. त्यांचं बाकीचं बोलणं दोनदा सांगावं लागलं, यंत्राची किंमत तेवढी पहिल्या झटक्यात ऐकू आली. आत्या उठलीच. "एवढ्यात वाडीतल्या सगळ्या पोरांना चपला येतील!" आम्ही पैसे देतो म्हणालो तर म्हणे, "जावयाचं घेऊन कानात घालू?" आणि गेली ताडताड.

मग मी तिच्याच पद्धतीने ग्रुपवर लिहिलं, 'एक गरज आहे. एका वयस्कर बाईंना कानाचं यंत्र हवं आहे. नाव विचारू नये.'

सगळ्यात आधी गर्जली ती आत्याच. "वाचलंत का? कोण बिचारी म्हातारी बहिरी होऊन घरात बसलीय आणि तुमी फुलं टाकताय! माझे या आठवड्याचे वालाचे पैसे धरा! बी-दोनशेचार, तुमी वाचलंय!"

पाच मिनिटांत अख्ख्या बिल्डिंगला कळलं, ही गरज कुणाची. एकानेही अवाक्षर काढलं नाही. बी-दोनशेचारने तेवढं लिहिलं, 'नियमाप्रमाणे कोणीही नाव विचारू नये. जे कमी पडेल ते माझ्याकडून.'

वस्तू स्वतः पोचवायची, हाही तिचा नियम. यंत्र आलं तेव्हा ती खोकं पिशवीत घालून माझ्या स्कूटरवर मागे बसली. वाटभर मला शिकवत होती, "ती लाजंल. तुमी भायेर थांबा, जावईबापू. मी समजावते तिला." मी कडावला तिच्याच अंगणात स्कूटर उभी केली.

"हितं कशाला थांबलात? पाणी हवंय?"

ओरडून सांगितलं असतं तर शेजाऱ्यांनी ऐकलं असतं. मी फोनवर लिहून दाखवलं, 'पत्ता हाच.'

तिने ते वाचलं. दाराच्या कुलपाकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं. डोळे भरून आले तसा पदर लावला, कुलूप काढलं आणि म्हणाली, "तुमी भायेर थांबा." मी अंगणात कोंबड्यांच्या मध्ये उभा राहिलो. बऱ्याच वेळाने ती दारात आली.

"घेते म्हणाली," आत्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो आला. पांढरे केस, एक कान, कानामागे यंत्र आणि अर्ध्यावर अंगठा. चेहरा नव्हता. कुणी नाव विचारलं नाही.

आता ती पुन्हा वाडीत जाते, चुलीपाशी बसते. मात्र तिचा आवाज खाली आला आहे. दुसऱ्या खोलीतून तो ऐकू येत नाही आणि खरं सांगतो, मला त्या गर्जनेची फार आठवण येते. आता फोन हातातलं काम टाकून कानाशी न्यावा लागतो, तेव्हा कुठे ती हळूच म्हणते, "जयभीम. एक गरज हाय."