कुत्र्यासाठी पाहिजे

अण्णा गेल्याची बातमी लखमाने आणली, तेव्हा मी अण्णांच्याच डब्यासाठी बरगड्या वेगळ्या काढत होतो. सकाळचे साडेसात वाजले असतील. लखमा म्हणजे अण्णांच्या कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी, डोंगराकडच्या पाड्यातला, चार शब्दांत अख्खा दिवस काढणारा माणूस. सायकल खांबाला टेकवून तो नुसताच उभा राहिला. मी म्हटलं, "काय रे, आज अण्णांनी तुला पाठवलं?" तर म्हणाला, "शेट, अण्णा गेला. चाय पेला, कप खाली ठेवला, न गेला." ... त्या दिवशी बोईसरच्या बाजारात तासभर एकही सत्तूर वाजला नाही, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच सांगतो. पण माझ्या ठोकळ्यावर तरी वाजला नाही, एवढं खरं आहे.

खाटकाने लिंगायताचा स्मृतिलेख लिहावा, हे वाचणाऱ्याला जरा विचित्र वाटेल. मलाही वाटतं. सिद्धप्पाअण्णा सोलापूरकडचे. रंगाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायला आले आणि सरावलीच्या चाळीत बिऱ्हाड करून राहिले. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, आणि मांसमच्छीचं एवढं वावडं की एका वर्षी पोल्ट्रीवाल्याने दिलेलं कोंबडीचं कॅलेंडर त्यांनी भिंतीकडे तोंड करून टांगलं आणि वर्षभर तारीख शेजाऱ्यांना विचारली. असा हा माणूस अठरा वर्षं, सोमवार सोडून रोज सकाळी, माझ्या दुकानात मटण घ्यायला यायचा. माझं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. आणि त्यातला एक घासही त्याच्या तोंडात कधी गेला नाही.

याचं कारण होतं टायगर. आणीबाणी उठल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. कारखान्याच्या मालकाने राखणीसाठी कुठूनसं अल्सेशियन पिल्लू आणलं. नाव वाघाचं आणि खाणं कॅन्टीनचं, म्हणजे भात, वरण, उरलेल्या पोळ्या. दीड वर्षाचा होईतो टायगरच्या बरगड्या लांबून मोजता यायला लागल्या. केस गळाले. उरले त्यांच्यावर कारखान्याचा रंग बसायचा, त्यामुळे एका आठवड्यात कुत्रं पिवळं दिसे, दुसऱ्या आठवड्यात निळं. एकदा तर दसऱ्याच्या सुमारास ते झेंडूसारखं केशरी झालं होतं आणि कुणीतरी त्याला हळदकुंकू वाहिलं... हे मी पाहिलेलं नाही, पण इतक्या वेळा सांगितलंय की आता आठवतं. उभं राहायची ताकद गेली तेव्हा ते अण्णांच्या बॉयलरच्या उबेला येऊन पडायला लागलं. अण्णांना मूलबाळ नव्हतं. ते स्वतःच्या डब्यातली भाकरी दुधात कुस्करून त्याला भरवायचे. कुत्रं त्यांचं मन राखायला दोन घास खायचं आणि ओकून टाकायचं.

मॅनेजर म्हणाला, रविवारपर्यंत हे उभं राहिलं तर ठीक, नाहीतर सुई देऊन मोकळं करा. तेव्हा अण्णांनी वाणगावहून गुरांच्या डॉक्टरांना आणलं. डॉक्टरांनी टायगरच्या हिरड्या पाहिल्या, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि म्हणाले, "याला आजार काही नाही. हा उपाशी आहे. भात बंद करा. कच्चं मांस द्या, थोडी कलेजी, आणि चघळायला कच्चं हाड." अण्णांनी विचारलं, "दुसरं औषध नाही का?" डॉक्टर म्हणाले, "हेच औषध."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस माझ्या दुकानासमोर आला, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला आणि ॲल्युमिनियमचा कडीचा डबा त्याने पाठीमागे धरला. मला वाटलं, कुणाची तरी वाट पाहतोय. पण डबा हलायला लागला. मग पाठीतून आवाज आला, "मालक, पाव किलो द्या. थोडी कलेजी, दोन हाडं. कुत्र्यासाठी पाहिजे."

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. कुत्र्यासाठी पाहिजे, हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकायचो. नव्या वसाहतीत गावोगावचे लोक आलेले. घरी कडक शाकाहार, बाहेर एकटे राहतात, जीभ चळते... तो प्रत्येक जण माझ्याकडे येऊन कुत्र्याचंच नाव सांगायचा. सगळ्यांचं खरं मानलं असतं तर बोईसरमध्ये माणसांपेक्षा कुत्रीच जास्त निघाली असती, आणि सगळी नळीची शौकीन. तेव्हा मी पाठीकडे पाहून मनात म्हटलं, आलं आणखी एक कुत्रं. आणि चांगली मऊ मांडी, बोकडाची नळी बघून दिली.

पहिले दहा-बारा दिवस मी अण्णांना पाठमोरेच ओळखत होतो. मानेवरचा तीळ, सदऱ्याच्या कॉलरवरचा काजळीचा डाग. चौथ्या दिवशी पाठ म्हणाली, "मालक, हाड मऊ व्हायला किती शिजवावं लागतं?" मी खूश झालो. म्हटलं, आता कसा रस्त्यावर आला. "अण्णा, कुकरच्या चार शिट्ट्या द्या. नळी सुटून येते. आलं-लसूण विसरू नका." पाठ जरा विचारात पडली. "लसूण त्याला चालेल?" मी म्हटलं, "न चालायला काय झालं?" आणि डोळा मारला. पाठीला काय दिसणार.

ती डोळा मारायची हौस मी बाजारभर भागवली. सिद्धप्पाअण्णा चोरून मटण खातात हे मी पानवाल्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, आणि चिंचणीहून येणाऱ्या मासळीवालीला सांगताना तर अण्णा एका बैठकीत सहा नळ्या फोडतात इथपर्यंत नेलं. बोलणं सरावलीला पोचायला काय वेळ लागतो? अण्णांच्या बायकोच्या, म्हणजे अक्काच्या कानावर ते पाणवठ्यावरच गेलं. संध्याकाळी अण्णा घरी आले तर त्यांचं ताट दाराबाहेर, पेरूच्या झाडाखाली वाढलेलं. अक्का म्हणाली, "आता हितंच जेवायचं. माझ्या चुलीजवळ यायचं न्हाई." अण्णा झाडाखाली बसून जेवले. खाल्लं नाही म्हणावं तर मांसाचा वास हाताला होताच.

खरं तर ते काय करत होते? कच्चं मांस नुसतं पुढे आलं तरी ते डोळे मिटून घ्यायचे. त्यांच्या मनाने घेतलं होतं की कच्चं म्हणजे जीव, शिजवलं की निदान अन्न होतं. हाताशी बॉयलरची वाफ. ते डबा वाफेच्या नळाखाली धरायचे आणि अर्धा तास मान फिरवून बसायचे. मांस पांढरं, हाडं पांढरी, सगळं कसं नैवेद्यासारखं स्वच्छ. लसूण कुत्र्याला बाधतो, तो मात्र त्यांनी घातला नाही, ही टायगरची पुण्याई. कुत्रं खायला लागलं होतं. चार पावलं चाललंही. मॅनेजरने आणखी एक आठवडा दिला.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी भरदुपारी लखमा सायकल दामटत दुकानात आला. "शेट, चला. कुत्रा मरतंय. हाड अडकला हाय." मी म्हटलं, "कुठलं कुत्रं?" लखमाने माझ्याकडे असं पाहिलं की अजून आठवलं तरी मान खाली जाते. "तुमी रोज ज्याचा मटण देता त्यो."

बॉयलरजवळ टायगर आडवा पडला होता. तोंड उघडं, लाळेत रक्त, श्वास शिट्टीसारखा. शिजवलेल्या नळीची कपची टाळूत आडवी रुतली होती. आता मी खाटीक, बोकड सोलायला बसलो तर बघणाऱ्याची पापणी लवायच्या आत कातडं दोरीवर टाकणारा. पण त्या जबड्यासमोर माझे हात पुढे जाईनात. लखमाने कुत्र्याचे पाय धरले. अण्णांनी गळ्यातलं लिंग दोरीसकट पाठीकडे सरकवलं, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात टायगरच्या तोंडात घातला. कोपरापर्यंत म्हणजे... मनगटापर्यंत. आज मला काही वाढवायचं नाही. कुत्र्याने दात रोवले. अण्णांच्या मनगटातून रक्त आलं. ते कानडीत काहीतरी हळू हळू बोलत राहिले, तान्ह्या पोराशी बोलावं तसं, आणि बोटभर लांबीची हाडाची कपची बाहेर आली.

टायगर उठून बसला. अण्णा त्या कपचीकडे पाहत राहिले. "याला मी वाचवत होतो की मारत होतो हो?"

लखमा म्हणाला, "आमचा कुत्रा रानात कच्चाच खातं. त्याला कोन शिजवून देतं?"

मग मला बोलावंच लागलं. कच्चं हाड दाताखाली चुरतं, शिजवलं की त्याची सुरी होते, हे खाटकाच्या पोराला चालता येण्याआधी ठाऊक असतं. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही खरंच कुत्र्याला देताय, हे मला खरं वाटलं नाही. मी तुमच्या जेवणाचा सल्ला देत होतो." आणि बाजारात काय काय सांगून आलोय, तेही सांगितलं. सहा नळ्यांसकट. वाटलं, हा माणूस आता मला बॉयलरमध्ये घालणार. अण्णांनी मनगटाचं रक्त सदऱ्याला पुसलं. मग म्हणाले, "मी तोंड दाखवलं असतं तर तुम्हाला कळलं असतं. मी पाठ दाखवत राहिलो, तुम्ही पाठीशी बोलत राहिलात. अर्धी चूक माझी."

अर्धी त्यांनी घेतली, पण उरलेली अर्धीही काही हलकी नव्हती. ती घेऊन मी त्याच संध्याकाळी सरावलीला गेलो आणि पेरूच्या झाडाखाली उभा राहून अक्काला झालं ते सगळं सांगितलं. तिखट नाही, मीठ नाही. माझ्या आयुष्यातली सर्वांत आळणी गोष्ट. ऐकून घेऊन ती म्हणाली, "कळलं. ताट आत घेते. पण डबा झाडालाच टांगायचा. उंबऱ्याच्या आत न्हाई." मला वाटलं, दार लावून घेईल. तर आतून भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आली. मी बाहेर उभ्यानेच खाल्ली. तशी चटणी मी पुन्हा खाल्ली नाही... म्हणजे पुढे वर्षानुवर्षं खाल्ली, पण त्या दिवशीची वेगळी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दुकानासमोर आले, ते समोरून. मनगटाला फडकं गुंडाळलेलं, चेहरा घामाने भरलेला, पण डोळे उघडे. डबा दोन्ही हातांनी पुढे धरून म्हणाले, "मालक, दाखवा. कसलं चांगलं, कसलं वाईट. मला शिकवा." मी शिकवलं. वर्षभरात त्यांनी मलाच शिकवायला सुरुवात केली. "घोडके, ही वजडी कालची आहे," असं चार गिऱ्हाइकांदेखत सांगायचे, आणि ती खरंच कालची असायची. कलेजी थोडीच, हाड कच्चंच, मीठ नाही, मसाला नाही. सोमवारी टायगरला अण्णांबरोबर उपास. मी म्हटलं, अण्णा, कुत्र्याला कसला सोमवार? तर म्हणाले, "रानातल्या वाघाला तरी रोज शिकार मिळते का? मग एक दिवस महादेवाच्या नावाने."

टायगर रविवारी मॅनेजरसमोर उभा राहिला, पुढच्या महिन्यात धावला, आणि पावसाळ्यापर्यंत त्याच्या अंगावर असे केस आले की कुठलाच रंग बसेना. रक्ताची चटक लागली, आता हा माणसं फाडणार, असं कामगार म्हणायचे. तो फाटकात पसरायचा आणि लखमाच्या कोंबड्या त्याच्या पाठीवर चढून बसायच्या. हे मी स्वतः पाहिलंय. वाटल्यास लखमाला विचारा, तो चार शब्दांत सांगेल. पुढे वसाहतीतले साहेब लोक आपली मरतुकडी कुत्री घेऊन सरावलीला यायला लागले. मांस न शिवलेल्या घराच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली बसून अण्णा त्यांना कच्च्या मांसाची माहिती द्यायचे, आणि अक्का आतून चहा पाठवायची. टायगर म्हातारा होऊन गेला. मग त्याची लेक, आणि आता नात, भिंगरी. डबा मात्र तोच राहिला. दोनदा तळ बदलला, कडी माझ्याकडूनच बसवून घेतली.

अण्णांना त्यांच्या रीतीप्रमाणे बसवून माती दिली. भिंगरी लांबवर बसून राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिने खाणं सोडलं. अण्णांचा डबा पेरूलाच टांगलेला, म्हणून मी कागदात बांधून वाटा पाठवला, लखमाने पुढे ठेवला, तिने वास घेऊन तोंड फिरवलं. दहा दिवस झाले, पंधरा झाले. लखमा रोज येऊन मान हलवायचा. अक्काने तिला घरी नेलंय, दूधभात घालते, म्हणाला, पण ती खात नाही... मला टायगरच्या बरगड्या आठवायला लागल्या. पण अक्काला कुठल्या तोंडाने सांगणार? अठरा वर्षांत ती माझ्या दुकानाच्या बाजूच्या फुटपाथवरूनही कधी गेली नव्हती.

गेल्या मंगळवारी सकाळी मी मान वर केली तर दुकानासमोर एक बाई रस्त्याकडे तोंड करून उभी. डोक्यावर पदर घट्ट ओढलेला. पाठीमागे दोन्ही हातांत धरलेला तो डबा. बाजूला भिंगरी, हाडाची नुसती काडी झालेली, पण नाक डब्याला लावून.

बाजार जरा थबकला. पानवाला पाहत होता, न्हावी पाहत होता. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की दोघंही कामाला लागले.

"भावजी," पाठ म्हणाली, "ते न्यायचे तसंच द्या. हाड कच्चंच हवं." मग थांबून, पुढे रस्त्याला सांगावं तसं म्हणाली, "कुत्र्यासाठी पाहिजे."

हे वाक्य मी आयुष्यात लाखभर वेळा ऐकलं असेल. मी ठोकळा धुतला, स्वच्छ सत्तूर काढला, आणि अण्णांना दाखवूनच द्यावी तशी एकेक बरगडी निवडून डब्यात ठेवली. कडी लावली. भिंगरीने एकदा शेपूट हलवली.

"अक्का," मी म्हटलं, "झालं. आता इकडे वळलात तरी चालेल."

ती वळली.