प्रोसेसरजवळची बीप

दुकानाच्या पाटीवर नाव भावाचं होतं आणि गल्लीत नाव ताईचं. लोक तिला टेस्टरताई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. लॅपटॉप अगदीच मेलेला असला की शेजारचे दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाला सांगत, "तिकडे जा, आत एक बाई बसते." आत म्हणजे प्लायवूडच्या भिंतीमागची चार पावलांची खोली. खिडकी नाही, धूर बाहेर ओढणारा एक पंखा, तेवढाच काय तो वारा. ताईचं स्टूल टेबलाखाली सरकवल्याशिवाय खोलीचं दार उघडत नसे. ती कामाला बसली की आतली आत आणि बाहेरचे बाहेर. अशी ती एकोणीस वर्षं बसत होती.

काउंटरवर तिचा धाकटा भाऊ. तो चाळिशीला टेकला होता, डोक्यावर टक्कल पडलं होतं, दोन मुलींचा बाप होता, तरी ताईच्या तोंडी बाळच. बोलायला एकदम गोड. गिऱ्हाइकाला वाटे हाच सगळं करतो, आणि तोही ते वाटू देई. ताईला त्याचा राग यायचा, पण खरं दुखणं वेगळं होतं.

बारा वर्षांपूर्वी कुठल्याशा फुटकळ गोष्टीवरून दोघांचं वाजलं. बाळ तावातावाने म्हणाला, "एक कारागीर ठेवला की झालं! तुझ्यावाचून काही अडत नाही!" संध्याकाळपर्यंत तो विसरलाही. बोलणाऱ्याला ही एक सोय असते. ताई विसरली नाही. तिने लग्न केलं नव्हतं, राहायची ती भावाच्याच घरात, दुकानाच्या वर. उद्या खरंच काही अडेनासं झालं तर जायचं कुठे, या भीतीने ती त्या रात्री झोपली नाही.

तेव्हापासून बाळ शिकायला बसला की ती मन लावून शिकवायची आणि मधली एखादी गोष्ट गिळून टाकायची. लॅपटॉपच्या बोर्डची मुख्य लाईन शॉर्ट असेल तर बाहेरून एक व्होल्ट सोडायचा, बोर्डवर स्पिरिट फासायचं आणि बघत राहायचं; जिथलं स्पिरिट आधी वाळेल तो तुकडा तापतोय, तोच गुन्हेगार. हे तिने शिकवलं. पण प्रोसेसरजवळच्या कॉइलला मीटर लावला तर धडधाकट बोर्डसुद्धा बीप देतो, ती बीप म्हणजे शॉर्ट नव्हे, आणि तिथे आपल्या अंदाजाने बाहेरून वीज सोडली तर प्रोसेसर जातो, हे शिकवलं नाही. बाळ अडला की दार वाजवायचा, "ताई, जरा बघ ना." ते दार वाजलं की तिला सुरक्षित वाटायचं.

पण त्या दाराने तिलाही धरून ठेवलं होतं. आजारी पडायची सोय नाही. मावसबहिणीच्या लग्नाला सकाळी गेली ती जेवून लगेच परत, कारण दुकानात तीन बोर्ड उघडे पडलेले. सगळे म्हणत, ताईवाचून पान हलत नाही. हलणार कसं? तिनेच घट्ट धरलं होतं ना!

आणि आता दोन तासांवरच्या शहरातून बोलावणं आलं होतं. मुलींना बोर्डदुरुस्ती शिकवायचं केंद्र, शिकवायला बाई हवी, राहायला खोली. शनिवारी पहाटे "दाढ दाखवून येते" असं सांगून ताई निघाली. केंद्रातल्या लोकांनी तिच्यापुढे एक मेलेला बोर्ड ठेवला. तिने अकरा मिनिटांत शॉर्ट शोधला, आणि बघायला जमलेल्या मुलींनी चक्क टाळ्या वाजवल्या. राहायची खोलीही दाखवली. तिला दोन खिडक्या होत्या. "सोमवारपासून या," केंद्राच्या बाई म्हणाल्या. "फक्त आज संध्याकाळपर्यंत कळवा."

परतीच्या बसमध्ये ताईला आनंदाने रडू येत होतं. पण ती गेली की दुकान महिन्याभरात बसणार. बाळाच्या मुली अजून शाळेत. काय सांगायचं त्याला? ती दुकानाला मनातल्या मनात शिव्या घालत होती, आणि शिव्या फिरून तिच्यावरच येत होत्या.

तीन वाजता ती पोहोचली तर शटर अर्धं खाली. काउंटरवर कुणी नाही. तिने आतलं दार ढकललं, ते उघडेना. आत तिच्या स्टुलावर कुणीतरी बसलं होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ताईने ते दार वाजवलं.

"बाळ, जरा उघड ना."

स्टूल सरकलं. बाळाचा चेहरा पार उतरला होता. टेबलावर एका शाळेतल्या बाईंचा दुरुस्तीला आलेला लॅपटॉप उघडा पडला होता आणि खोलीत जळका वास होता.

"गेला," बाळ म्हणाला. "प्रोसेसर गेला. बाईंना फोन करून सांगितलं, माझ्या हातून झालं, दुसरा बोर्ड घालून देतो."

"तू कशाला हात लावलास? मी येणारच होते ना!"

"दाढ काढून?" बाळ कसंनुसं हसला. "ती गेल्या वर्षीच काढली, ताई. मी दवाखान्याबाहेर दोन तास बसलो होतो. आणि केंद्राचा फोन परवा दुकानाच्या नंबरावरही आला होता. मीच घेतला."

ताईने खांद्यावरची पर्स काढून टेबलावर ठेवली.

"म्हटलं, एक तरी बोर्ड तुझ्यावाचून होतो का बघू," बाळ म्हणाला. "झाला असता तर तू आल्या आल्या सांगणार होतो, जा म्हणून. आमची काळजी न करता जा."

ताईने भिंग ओढून बोर्ड पाहिला. मुख्य लाईनवरचा शॉर्ट झालेला कपॅसिटर तिने काल दुकान बंद करताना काढला होता. बोर्ड कालच बरा झाला होता. नुसतं बटण दाबून बघायचं राहिलं होतं. सवयीप्रमाणे तिने ते बाळाला सांगितलं नव्हतं.

"मीटर इथे बीप देत होता," बाळ कॉइलवर बोट ठेवून म्हणाला. "एक व्होल्ट सोडला, काही तापेना. म्हणून वाढवला. तू सगळं शिकवलंस गं, माझंच डोकं मठ्ठ."

इथे ती गप्प बसली असती तर सगळं सोपं होतं. बाळ स्वतःला बोल लावत बसला असता आणि तिने बॅग भरली असती. क्षणभर तिने तसं ठरवलंही.

"मठ्ठ नाहीस तू," ती म्हणाली. "तिथे बीप वाजतेच. चांगल्या बोर्डातही वाजते. मी तुला ते मुद्दाम सांगितलं नव्हतं."

"मुद्दाम?"

तिने त्याचं बारा वर्षांपूर्वीचं वाक्य त्याला जसंच्या तसं ऐकवलं. "मी असं म्हणालो होतो?" बाळाने विचारलं, आणि त्याला खरंच आठवत नव्हतं. ताईला तेच सगळ्यात जास्त लागलं.

"अजून किती गोष्टी ठेवल्यास?"

ताई बोटांवर मोजू लागली. एक हात संपला, दुसरा संपला, मग तिने मोजणं सोडून दिलं.

"सोमवारपर्यंत सांगून संपणार नाहीत," ती म्हणाली.

तिने तिथेच उभ्या उभ्या केंद्राला फोन लावून सोमवारी जमणार नाही म्हणून सांगितलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, मग जागा दुसरीला द्यावी लागेल. "द्या," एवढंच ताई म्हणाली, आणि फोन ठेवता ठेवता तिला रडू फुटलं.

बाळाने काउंटरमागची खुर्ची उचलून आत आणली, दार लावलं आणि ती स्टुलाच्या शेजारी कशीबशी बसवली. आता दार उघडायला जागाच उरली नव्हती. त्याने स्टूल ताईकडे सरकवलं, मीटर तिच्या हातात दिला आणि स्वतः खुर्चीत बसला.

"पहिली सांग," तो म्हणाला.